कलम अकरा आणि पांढरा उंदीर

शासकीय सेवेत अनेक मोठ्या विषयांवर मी टिपण्या लिहिल्या. त्यांतील बहुतेक आज आठवत नाहीत. एका लहान तक्रारीवर लिहिलेला एका ओळीचा शेरा मात्र विसरता येत नाही. 'पाहिले, नस्तीबद्ध करावे' अशा अर्थाचा तो शेरा होता. त्या शेऱ्याची ही हकीगत आहे. तीत एक मासा आणि काही उंदीर आहेत, परंतु विषय प्रशासनाचाच आहे.

वर्ष २०११. पूर्व भारतातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी नेमणुकीवर होतो. फेब्रुवारी महिन्यात एका शाळाशिक्षकाचे पत्र आले. शहरातील बाजारपेठेत शोभेच्या माशांचे एक दुकान होते. दुकानाच्या दर्शनी भागातील मोठ्या टाकीत लाल शेपटीचा एक कॅटफिश ठेवलेला होता. कोकणातील वाचकाला शिंगाळा ठाऊक असतो; हा त्याच मिशाळ माशांच्या गोतातला, पण दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांतला. दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता दुकानदार त्या टाकीत जिवंत पांढरे उंदीर सोडी. वेळ ठरलेली असल्यामुळे गर्दी जमे. उंदीर पोहत काचेपर्यंत येई, काचेला नखे लावून वर चढू पाही, घसरे, पुन्हा पोहू लागे. मासा तळाशी स्वस्थ असे, मग एकदम वर येऊन त्याला गिळी. शिक्षकांनी पुढे लिहिले होते की, सोमवारी वर्गात मुले याचीच चर्चा करतात आणि उंदीर किती मिनिटे टिकेल यावर पेन्सिली व गोळ्यांच्या पैजा लावतात. पत्राच्या शेवटी फक्त एक प्रश्न होता : 'हे कायद्यात बसते काय?'

पत्रात मागणी नव्हती, आरोप नव्हता, वर्तमानपत्रांना पाठविलेल्या प्रतींची यादीही नव्हती. अशा पत्रांची उपेक्षा करणे फार सोपे असते. मी ते वाचले आणि थोडासा हसलोही. त्याच आठवड्यात एका धान्य गोदामातील उंदरांचा नायनाट करण्यासाठी विषारी आमिष ठेवण्याचा प्रस्ताव माझ्यापुढे होता आणि त्यावर मी सही केली होती. शेकडो उंदीर विषाने मारण्यास मान्यता देणाऱ्या हाताने चार उंदरांसाठी कारवाईचे आदेश काढायचे, हा मला दंभ वाटला. शिवाय मासा मासे खातो तसा उंदीरही खाणार, त्यात प्रशासनाने काय करायचे? मी शेरा लिहिला आणि पत्र नस्तीत गेले.

नोव्हेंबरमध्ये एका शालेय समारंभात ते शिक्षक भेटले. त्यांनी नमस्कार केला आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "सर, माझ्या प्रश्नाचे उत्तर आले नाही." त्यांच्या स्वरात रोष असता तर मी कदाचित कार्यबाहुल्याचे कारण सांगून मोकळा झालो असतो. तो नव्हता, म्हणून त्या रात्री मी प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० काढून वाचला. खरे सांगायचे तर सेवेत इतकी वर्षे काढूनही तो मी प्रथमच पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत वाचत होतो.

कलम २ मध्ये प्राण्याची व्याख्या आहे : मनुष्याखेरीज कोणताही सजीव प्राणी. म्हणजे मासाही प्राणी आणि उंदीरही प्राणी. कलम ३ म्हणते की, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याचे हित पाहावे आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ देऊ नयेत. आणि कलम ११, पोटकलम १, खंड एम. केवळ करमणुकीच्या हेतूने एखाद्या प्राण्याला दुसऱ्या प्राण्याचे भक्ष्य व्हावे अशा रीतीने कोंडून ठेवणे हा गुन्हा आहे. अभयारण्यात वाघासाठी आमिष म्हणून जनावर बांधणेही त्यातच येते, असे कंसात स्पष्ट लिहिले आहे. शिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर इतके नेमके छापलेले होते, की जणू त्या दुकानासमोर उभे राहूनच कुणी तो खंड लिहिला असावा.

दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी माणूस पाठविला. टाकी रिकामी होती. मासा टाकीत मावेनासा झाला होता आणि शेवटचा खेळ जुलैमध्ये झाला होता. कलम ३६ नुसार या अधिनियमाखालील गुन्ह्याबद्दलची फिर्याद गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल करावी लागते. ती मुदत उलटून गेली होती. फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत प्रत्येक शनिवारी कायदा लागू करता आला असता. तेवढे सगळे शनिवार माझ्या एका ओळीखाली दबून गेले.

माशाचे काय केले, या प्रश्नावर दुकानदाराने निःसंकोच उत्तर दिले की, पावसाळ्यात नदीला पाणी आल्यावर त्याला नदीत सोडून दिले. मुका जीव आहे, मारण्यापेक्षा मोकळा केलेला बरा, असे त्याचे म्हणणे. त्याला त्यात पुण्यच वाटत होते. ती या प्रकरणातील दुसरी चूक होती, आणि पहिलीपेक्षा मोठी.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. खंड एम मधील कळीचे शब्द आहेत 'केवळ करमणुकीच्या हेतूने'. दुकानदार म्हणेल की मी करमणूक करीत नाही, माशाला खाऊ घालतो. हा बचाव गंभीरपणे तपासला पाहिजे. तो तपासण्याची कसोटी सोपी आहे : जिवंत उंदीर ही त्या माशाची गरज आहे काय?

नाही. लाल शेपटीचा कॅटफिश निसर्गात मासे, खेकडे आणि पाण्यात पडलेली फळे खातो. पाळीव अवस्थेत तो बुडणाऱ्या खाद्यगोळ्या, कोळंबी, माशाचे तुकडे यांवर उत्तम जगतो. उंदीर त्याला उपकारक तर नाहीच, उलट अपायकारक आहे. उष्ण रक्ताच्या प्राण्याची चरबी टाकीतील पंचवीस-सत्तावीस अंशांच्या पाण्यात घट्टच राहते. थंड रक्ताच्या माशाला ती नीट वापरता येत नाही आणि वारंवार दिल्यास त्याचे यकृत मेदाने भरते. केस आणि हाडे पोटात अडकू शकतात. जिवंत उंदीर शेवटच्या क्षणी चावतो आणि माशाच्या तोंडाला किंवा कल्ल्यांना इजा करतो. उंदीर रस्त्यावरून पकडलेला असेल तर त्याच्या पोटातील विष माशाच्या पोटात जाऊ शकते, आणि त्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग ते पाणी हाताळणाऱ्या माणसापर्यंत पोहोचू शकतो. न पचलेले अन्न कुजले की पाण्यात अमोनिया वाढतो, ते वेगळेच.

जे माशाला लागत नाही, मानवत नाही आणि ज्याला स्वस्त व सुलभ पर्याय आहे, ते ठरलेल्या वेळी, दर्शनी टाकीत, प्रेक्षकांसमोर दिले जाते. यातून खाद्याचा हेतू वजा केला तर शिल्लक काय राहते? करमणूक. कायद्यातील 'केवळ' हा शब्द या वजाबाकीतून सिद्ध होतो. जेथे खरोखर दुसरा मार्ग नाही, उदाहरणार्थ आजारी सर्प मेलेले भक्ष्य घेतच नाही, तेथे ही वजाबाकी निराळी होईल. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणिसंरक्षण अध्यादेशात हाच विचार दिसतो. जिवंत भक्ष्य अपवाद म्हणून देता येते. मेलेल्या खाद्यावर प्राण्याचे पोषण होऊ शकत नसेल, तर. मुळात आपल्याकडे नवा कायदा करण्याची गरज नाही, आहे तोच नीट वाचण्याची आहे.

तीन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात.

पहिला आक्षेप निसर्गाचा. मोठे कॅटफिश निसर्गातही उष्ण रक्ताचे प्राणी खातात, हे खरे आहे. फ्रान्समधील आल्बी येथे टार्न नदीत वेल्स कॅटफिश काठावर झेप घेऊन कबुतरे पकडतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ५४ झेपांपैकी २८ टक्के यशस्वी झाल्याची नोंद आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात ॲशबर्टन नदीतील काही कॅटफिशांची पोटे तपासली तेव्हा जवळपास निम्म्या माशांत वाळवंटी उंदीर सापडले. पण आल्बीच्या आकडेवारीचा दुसरा अर्थही पाहा : दर चार झेपांपैकी जवळजवळ तीन वेळा कबूतर उडून गेले. निसर्गात भक्ष्याला पळण्यासाठी आकाश असते, काठ असतो, बीळ असते. काचेच्या टाकीत यांतले काहीच नसते. कायद्याने 'कोंडून' हा शब्द वापरला आहे तो याच कारणासाठी. माशाने उंदीर खाणे हा गुन्हा नाही. मासा गुन्हा करूच शकत नाही. उंदराचा पळण्याचा मार्ग माणसाने बंद करणे हा गुन्हा आहे.

दुसरा आक्षेप उपद्रवाचा. उंदीर हा धान्याचा शत्रू आणि प्लेगचा वाहक, त्याची कसली कीव करायची? उंदीर गणपतीचे वाहन आहे, असे उत्तर मी देणार नाही. प्रशासकाला तो युक्तिवाद शोभत नाही. उंदरांनी राज्ये हलविली आहेत. मिझो टेकड्यांत १९५९ साली बांबूला फुलोरा आला, उंदरांची संख्या अफाट वाढली, पिके फस्त झाली आणि दुष्काळ पडला. त्या दुष्काळात मदतीसाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतून १९६१ साली मिझो नॅशनल फ्रंट झाला, १९६६ साली सशस्त्र उठाव झाला आणि शांतता करार व्हायला १९८६ उजाडले. वेळेवर न वाचलेल्या इशाऱ्याची किंमत किती असते, याचे याहून कठोर उदाहरण आपल्या प्रशासकीय इतिहासात क्वचितच सापडेल. म्हणून गोदामातील उंदीर मारण्याच्या आदेशावरील माझ्या सहीबद्दल मला खंत नाही. कायदाही विधिवत अधिकाराने केलेला प्राण्यांचा नायनाट अपवादात घालतो.

पण येथेच माझी चूक झाली होती. मी दोन वेगळ्या गोष्टी एका तराजूत घातल्या. गोदामातील उंदीर मारताना तेथे प्रेक्षक नसतात, पैजा नसतात, आणि शक्य तितक्या लवकर संपवावे अशीच इच्छा असते. टाकीतील खेळात उंदीर जितका जास्त वेळ टिकेल तितकी मजा अधिक. शिवाय तो पांढरा उंदीर कोणाचे धान्य खाण्यास गेलेला नव्हता. तो जोपासलेला, विकत आणलेला होता. हाच पांढरा उंदीर एखाद्या प्रयोगशाळेत वापरायचा असेल तर १९९८ च्या नियमांनुसार संस्थेची नोंदणी लागते, समितीची मान्यता लागते, वेदना कमीत कमी कशा होतील ते लिहून द्यावे लागते. कर्करोगाच्या औषधासाठी उंदराला हात लावायला इतकी कागदपत्रे, आणि शनिवारच्या गमतीसाठी एक प्लास्टिकची पिशवी पुरे, ही विसंगती मला तेव्हा दिसायला हवी होती.

तिसरा आक्षेप क्षुल्लकतेचा, आणि तो सर्वांत बलवान आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी ठरलेला दंड किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये. तीन वर्षांत पुन्हा गुन्हा केल्यास पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कित्येक दशके हे आकडे बदलले नाहीत. त्यातही कलम ३१ नुसार कलम ११ मधील एल, एन आणि ओ हे खंड दखलपात्र आहेत. मधला एम नेमका त्यात नाही, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलीस तपासही करू शकत नाहीत. पन्नास रुपयांसाठी एवढा खटाटोप कोण करणार?

माझे उत्तर असे आहे की, कायद्याचे वजन दंडाच्या रकमेत मोजू नये. त्या दुकानाला नगरपालिकेचा व्यवसाय परवाना होता. 'आपण करीत असलेली कृती अमुक अधिनियमाच्या अमुक खंडानुसार गुन्हा आहे, ती तात्काळ बंद करावी' अशी चार ओळींची नोटीस सहीशिक्क्यासह गेली असती, तर पुढचा शनिवार शांत गेला असता, याबद्दल मला शंका नाही. सामान्य दुकानदार गुन्हेगार नसतो. त्याला कुणी सांगितलेले नसते, इतकेच. आणि वर्गातल्या मुलांना त्या आठवड्यात कळले असते की, काचेला नखे लावणाऱ्या जिवाच्या बाजूनेही या देशात एक ओळ लिहून ठेवलेली आहे. राज्यघटनेच्या कलम ५१-क (छ) मध्ये सजीव प्राण्यांबद्दल दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. मुलांनी ते पुस्तकातून पाठ करावे आणि बाजारात उलटे पाहावे, हे बरे नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली जलिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या प्रकरणात याच अधिनियमाच्या कलम ३ व ११ चा उदारपणे अर्थ लावला. पुढे तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी आपापल्या परंपरांसाठी कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि २०२३ साली घटनापीठाने त्या वैध ठरविल्या. त्या वादात मी येथे शिरत नाही. उंदीर-माशाच्या खेळाला परंपरा म्हणून सूट देणारी दुरुस्ती मात्र अद्याप कोणी मागितलेली नाही.

आता नदीत सोडलेल्या माशाविषयी. लाल शेपटीचा कॅटफिश बाजारात बोटभर लांबीचा असताना विकला जातो. तेव्हा तो देखणा आणि स्वस्त दिसतो. पुढे तो एक मीटरहून मोठा होतो आणि बरीच वर्षे जगतो. चार फुटांच्या टाकीत त्याला वळताही येत नाही. मग मालक कंटाळतो, किंवा त्या दुकानदारासारखा कळवळतो, आणि मासा नदीत जातो. आफ्रिकी मागूर, ज्याला बाजार थाई मांगूर म्हणतो, त्याच्या संवर्धनावर केंद्राने २००० साली बंदी घातली; तरी तो आजही चोरून पाळला जातो. २०१८ च्या केरळमधील महापुरानंतर तेथील नद्यांत अरापैमा आणि ॲलिगेटर गार हे परदेशी मासे जाळ्यांत सापडले. आपल्या नद्यांतल्या माशांवर आणि त्यांवर पोट असलेल्या कोळ्यांवर हा भार पडतो. वन्यजीव अधिनियमात २०२२ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ६२-ए मुळे आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, व्यापार आणि बाळगणे यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला मिळाला आहे. अधिकार मिळणे आणि तो बाजारातल्या टाकीपर्यंत पोहोचणे यांत मात्र अंतर असते.

ते अंतर का पडते? कारण मासा मत्स्य विभागाचा, उंदीर पशुसंवर्धनाचा, दुकान नगरपालिकेचे, नदी आणखी कोणाची. २०१७ साली मत्स्यालयांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित झाले होते, विरोधानंतर सरकारने ते मागे घेतले. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांत पाळीव प्राण्याच्या व्याख्येत उंदीर आहे, मासा नाही. म्हणजे त्याच दुकानात भक्ष्याला नियम आहेत आणि भक्षकाला नाहीत. अशा वेळी प्रत्येक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवितो आणि ते बोट खोटेही नसते. हे सर्व धागे जिल्ह्यात एकाच टेबलावर येतात. अनेक राज्यांत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडेच असते. म्हणून जबाबदारी ढकलण्यास त्याला जागा उरत नाही. मलाही नव्हती.

फार काही करावे लागत नाही. शोभेच्या माशांच्या दुकानाला परवाना देताना तीन अटी घालाव्यात : जिवंत पृष्ठवंशीय प्राण्यांचे भक्ष्य दाखवून प्रदर्शन करू नये, प्रत्येक टाकीवर माशाची पूर्ण वाढ किती होते ते स्थानिक भाषेत लिहावे, आणि विकलेला मोठा मासा ग्राहकाने परत आणल्यास तो घ्यावा. जिल्ह्यातील मत्स्य विभागाने नको असलेले परदेशी मासे स्वीकारण्याची एक जागा जाहीर करावी. आणि साध्या पोस्टकार्डावर कोणी 'हे कायद्यात बसते काय?' असे विचारले, तर पंधरा दिवसांत उत्तर द्यावे. यांतील एकाही गोष्टीला विधिमंडळाची मंजुरी लागत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांपैकी कोणी रविवारी कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवर जात असतील, कोणी चेन्नईत कोळत्तूरच्या जवळ राहत असतील. मासे पाळणे हा सुंदर छंद आहे आणि त्यावर हजारो कुटुंबे जगतात. त्याला माझा विरोध नाही. असा खेळ कोठे दिसला तर दुकानदाराशी प्रथम नीट बोला. बहुतेक वेळा तेवढे पुरते. न पुरल्यास तारखेसह लिहून द्या, कारण तीन महिन्यांची मुदत धावत असते.

त्या शिक्षकांना मी नोव्हेंबरमध्येच उत्तर पाठविले. त्यात लिहिले की, आपण विचारलेली कृती कायद्यात बसत नाही, उत्तरास विलंब झाला आणि त्या विलंबाची जबाबदारी माझी आहे. त्यांचे पोच देणारे पत्र आले. वर्गात ते उत्तर वाचून दाखविल्याचे त्यांनी कळविले होते. एका मुलाने उठून विचारले म्हणे, की मग साहेबांनी आधी का नाही सांगितले? त्यांनी तोही प्रश्न मला पाठविला होता. त्याचे उत्तर मी आजवर दिले नव्हते. हा लेख तेच उत्तर आहे.